डावखुरा शंख

१९६४ साली मी संग्रहालयात शंखांची चित्रं काढायचे. तळ्यातल्या शंखाचं तोंड सहसा उजवीकडे असतं, पण आमच्या सरांना डाव्या तोंडाचा सापडला. त्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं. प्रती सगळीकडे रवाना झाल्यावर आम्ही पान उघडलं, तर चित्रातलं तोंड उजवीकडे. “ताई, तेवढाच उलटा दिसला, म्हणून सुलटा करून छापला,” छापखान्यातले काका कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाले. सरांनी आरसा मागवला. शंख, चित्र, आरसा आळीपाळीने बघून तिघांचंही डोकं भंजाळलं. “अगं, तू नक्की डावाच काढला होतास ना?” सरांनी विचारलं, तेव्हा मलाही छातीठोकपणे हो म्हणता येईना. चित्र बघून तज्ज्ञांनी शोध उडवून लावला. सर शिकवण्या घेत म्हातारे झाले. मी काकांची सून झाले. शंख अजून संग्रहालयाच्या खणातच आहे. चित्राशी जुळत नाही, म्हणून तिथली नवी माणसं त्याला तोतया म्हणतात.