पुसलेली काच, पंजाब १९८८

गार असतानाच सौरपंपाचं पॅनेल धुवायचं, म्हणजे उजाडताच, चंदीगडच्या प्रयोगशाळेतली रागिणी सांगत होती. "तब तो कर्फ्यू है, मॅडमजी! पॅनेल साफ, मैं भी साफ!" शेतकरी बलकारसिंग हसला. म्हणून दुपारी, बायकोच्या मलमली ओढणीने तो कोरडंच पुसत होता. तापलेली काच पाण्याने तडकली असती. धूळ निघाली, तसा सौरपंप जोमाने उपसू लागला. कड पुसायला बलकारने पॅनेल कलतं केलं आणि कवडसा रस्त्यावरच्या जीपवर पडला. जवान धावत आले. "किसको इशारा दे रहा है?" हवालदाराने बंदूक रोखली. "साहब, सफाई कर रहे हैं!" रागिणी ओरडली. "सफाई यहां हम करते हैं." कवडसा हवालदाराच्या डोळ्यांत, बोट चापावर. काच तडकली तर तडको, रागिणीने वाफ्यातला चिखल ओंजळीओंजळीने तिच्यावर थापायला घेतला. पंपाची धार बारीक होत गेली, तशी बंदूक खाली आली.