बिळात हात

मोएमा कुंपणापलीकडच्या गवतात पालथी पडली होती आणि तिचा उजवा हात खांद्यापर्यंत बिळात होता. बिळातून खुळखुळ्यासारखा फुत्कार येत होता. इरासीच्या हातातली पेकी फळांची टोपली तिथंच पडली.

लेकीला हाक मारून उपयोग नव्हता. चार वर्षांची ती पोर जन्माची बहिरी. तो आवाज सगळ्या माळाला ऐकू येत होता, एकट्या तिलाच नाही.

मागोमाग सासरा, ओलावो, धापा टाकत आला. बीळ घुबडांचं आहे हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं? वीतभर घुबडं ती, पण भरदिवसा वारुळावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यावर डोळे वटारणार. त्यांची पिल्लं भ्याली की आतून हुबेहूब खुळखुळ्या सापाचा आवाज काढतात, हे ओलावो प्रत्येक पाहुण्याला रंगवून सांगायचा आणि पाहुणा दचकला की पोट धरून हसायचा. पण असल्या बिळात खरा खुळखुळ्याही शिरतो. गेल्या साली ओलावोची गाभण गाय इथंच चरताना साप डसून मेली होती.

"जनावर नाही गं ते," तो म्हणाला, "पिल्लंच असतील."

"नक्की, बाबा?"

म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

पोरीला झटक्यानं ओढावं तर जनावर बिथरायचं. न ओढावं तर कधी डसेल याचा नेम नाही. सर्पदंशाचं इंजेक्शन तालुक्याला, आणि रस्ता असला खड्ड्यांचा. एवढ्याशा जिवाला तेवढी सवड कुठली? देवाचा धावा करावा तर इरासीला एक ओळ आठवेना.

ती पोटावर पडली आणि सरपटत लेकीपाशी गेली. मोएमानं मान वळवून आईकडं पाहिलं आणि खुदकन हसली. इरासीनं आपला हात तिच्या हाताला चिकटवून बिळात घातला. डसायचं तर मला डस मेल्या, माझ्या लेकीला नको, असं ती मनात घोकत होती. लेकीचं कोपर लागलं, मग मनगट. त्याच्यापुढं मऊ, गरम पिसं होती, आणि एक चोच तिच्या अंगठ्यात रुतली.

पिल्लूच होतं. इरासीचा जीव भांड्यात पडला. मग तिनं चाचपून पाहिलं, तर पोरीनं त्याला आवळलं नव्हतं. त्याच्या गळ्यावर नुसती बोटं टेकवून ती पडली होती. आई बोलायला लागली की तिच्या गळ्यावरही ती अशीच बोटं टेकवायची. तिचं ऐकणं तेवढंच.

आता मात्र इरासीला धीर धरवेना. गवतात तोंड खुपसून ती हुंदके देऊन रडायला लागली.

मोएमानं डावा हात पुढं करून आईच्या गळ्याला लावला. काही वेळ ती दोन्ही हातांनी ऐकत राहिली. तिचं हसू मावळलं. मग तिनं बिळातला हात आपणहून, हळूच मागं घेतला.