रॉइसच्या गाडीतून

रॉइसच्या घरगाडीचं दार उघडलं आणि आर्डिस बाहेर आली. पायात नुसते मोजे, केस एका बाजूनं चपटे झालेले, खांद्यावर रॉइसचं लोकरीचं पांघरूण.

दुपारचे चार वाजले होते. वाळवंटातल्या त्या तळावर रोज चारला सगळे आपापल्या घडीच्या खुर्च्या घेऊन गोल करून बसत. हिवाळा काढायला घरगाड्या घेऊन उत्तरेतून आलेली निवृत्त माणसं. कुणी मिनेसोटाचं, कुणी थेट कॅनडातलं. नेव्हा खारे शेंगदाणे फिरवत होती, तिचा हात तसाच थांबला. आर्डिसचा नवरा लोरेनही त्या गोलात होता. आर्डिस आपल्या गाडीत झोपलीय, असं त्यानंच अर्ध्या तासापूर्वी सगळ्यांना सांगितलं होतं.

"काय मस्त झोप लागली बाई!" आर्डिस हसून म्हणाली.

कुणीतरी खोकलं. कुणीतरी हसू दाबलं.

काय झालं ते लोरेनला लगेच कळलं. इथल्या निम्म्या गाड्या त्यांच्या गाडीसारख्याच पांढऱ्या. गेल्या आठवड्यात ती अशीच एका कॅनडावाल्याच्या गाडीत जाऊन बसली होती. तेव्हा लोरेननं ते थट्टेवारी नेलं होतं. दोनदा थट्टा चालणार नव्हती. ती विसरते, एवढे दोन शब्द पुरले असते. पण ते शब्द फोनवरून मुलीपर्यंत पोचले असते, आणि मुलीनं ऑक्टोबरातच बजावलं होतं, "बाबा, आईचं पुन्हा काही झालं तर गाडी विकायची आणि दोघांनी इकडे यायचं."

सगळे त्याच्याकडे बघत होते. तो ताडकन उठला.

"रॉइस! माझ्या बायकोला आत घेऊन काय चाललं होतं तुझं?"

आर्डिसच्या मागून रॉइस उतरला. ओक्लाहोमाचा, एकटा, जन्मभर ट्रक चालवलेला माणूस. त्याच्या हातात आर्डिसचे बूट होते. त्यानं लोरेनकडे पाहिलं. मग खाली वाकून बूट तिच्या पायाशी नीट जोडीनं ठेवले.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "कॉफीला मीच बोलावलं त्यांना."

"आणि कॉफी पिता पिता बूट काढले का?" नेव्हा म्हणाली. दोघी बायका उठून आर्डिसला धरून घेऊन गेल्या, आजाऱ्याला न्यावं तशा. एकानं रॉइसची खुर्ची उचलली आणि गोलाबाहेर ठेवली. लोरेन ते बघत उभा राहिला.

"त्या माणसानं मला पांघरूण घातलं," आपल्या गाडीत परतल्यावर आर्डिस म्हणाली. "तू का रे ओरडलास त्याच्यावर?"

सकाळी उजाडल्या उजाडल्या लोरेन बाहेर पडला. रॉइस पाण्याचा पाइप गुंडाळत होता. गाडी सपाट उभी राहावी म्हणून चाकांखाली घातलेल्या फळ्या त्यानं केव्हाच काढल्या होत्या.

"निघालास?"

"हं."

मग रॉइस बोलला, हातातलं काम न थांबवता. "मी फेरी मारून आलो, तर ती आत झोपलेली. तुला सांगायला निघालो होतो. पण तुम्ही सगळे बसला होतात. त्या गोलात येऊन कसं सांगणार? म्हटलं, उठली की गुपचूप पोचवू."

"तुला माहीत होतं?"

"नाताळात तिनं मला तीनदा नाव विचारलं, लोरेन. तिनं विचारलं की तू लगेच मोठमोठ्यानं बोलायला लागायचास." त्यानं पाइप गाडीच्या बाजूच्या पेटीत टाकला. "तिच्या खिशात नाव लिहून ठेव. आणि तुझ्या गाडीच्या दाराला काहीतरी लाल बांध. बाहेर नुसतं वाळवंट आहे, एखाद्या दिवशी उलट्या दिशेला चालत जाईल."

"मी सांगतो सगळ्यांना," लोरेन म्हणाला. "आत्ता सांगतो. तू थांब."

रॉइस थांबला. खरंच थांबला. पेटीचं झाकण हातात धरून, तळाकडे तोंड करून उभा राहिला. तळ जागा होत होता. कुणी कुत्र्याला फिरवत होतं, कुणी स्टोव्ह पेटवत होतं. नेव्हा गाऊनवर जाकीट चढवून, हातात कप घेऊन त्यांच्याच दिशेनं येत होती. लोरेननं तिला येताना पाहिलं. ती वीस पावलांवर आली, दहा पावलांवर आली.

रॉइसनं झाकण लावलं, खटका दाबला आणि पुढे जाऊन गाडी सुरू केली.

"गेला एकदाचा," नेव्हा लोरेनच्या शेजारी येऊन उभी राहिली. "असल्यांना तळावर थारा देता कामा नये. हो की नाही?"

"हो," लोरेन म्हणाला.

पांढरी गाडी दगडगोट्यांवरून डुलत मोठ्या रस्त्याकडे निघाली. आर्डिस कधी बाहेर आली होती कुणास ठाऊक. आपल्या गाडीच्या पायरीवर उभी राहून ती हात हलवत होती, अख्खा हात वर करून, आपलं माणूस गावाला निघाल्यावर हलवावा तसा.

"सांभाळून जा!" ती ओरडली. "पुढच्या वर्षी या!"

तळावरचे सगळे वळून बघायला लागले. लोरेन तिच्याकडे गेला आणि तिचं मनगट धरून त्यानं तिचा हात खाली केला.