निरंक

"हरिश्चंद्र व्हायचं असेल तर घरी व्हा. माझ्या ऑफिसात कशाला?"

शाळेच्या बसगाड्यांचं काम बघणाऱ्या मॅडमनी अर्ज टेबलावर आपटला. समोर बसलेल्या ड्रायव्हरने मान वर केली नाही.

"हा तुमच्या चौकशीचा अहवाल. एजन्सी सात वर्षं मागचं बघते. गुन्हे, निरंक. आणि हा तुमचा अर्ज. पूर्वी गुन्हा सिद्ध झाला आहे का? तर म्हणे, हो. दारू पिऊन गाडी चालवली. नऊ वर्षांपूर्वी! कोणी विचारलं होतं?"

"अर्जातच विचारलंय, मॅडम."

दारात हात पुसत उभा असलेला मेकॅनिक फिसकन हसला. "लोक प्यायल्यावर खरं बोलतात. हे उतरल्यावर बोलतायत."

"तू गप रे." मॅडम ड्रायव्हरकडे वळल्या. "आता पिता?"

"नऊ वर्षांत थेंब नाही."

"सगळे हेच सांगतात. हे बघा, 'हो' लिहिलेला अर्ज मला वर पाठवावा लागतो. वरून नकारच येतो. माझी चार नंबरची बस आठ दिवस उभी आहे, पालक डोकं खातायत. तुमचा पश्चात्ताप घेऊन मी काय करू?" त्यांनी पत्त्यावर बोट ठेवलं. "मुलीकडे राहता?"

"महिनाअखेरपर्यंत. पुढचं तुमचं तुम्ही बघा, म्हणाले जावई."

"मग गरज कोणाला आहे? मला की तुम्हाला?"

मॅडमनी कोरा अर्ज त्याच्यापुढे सरकवला. "या रकान्यात 'नाही' लिहा. चावी घ्या आणि उद्या साडेसहाला या. तोंड बंद ठेवायला काय जातं तुमचं?"

त्यांच्या मागे भिंतीवर चाव्यांची फळी होती. सगळ्या खुंट्या रिकाम्या, फक्त चौथीवर चावी.

त्याने पेन घेतलं. नाव लिहिलं, लायसनचा नंबर लिहिला. वैवाहिक स्थिती, विधुर. त्याखाली पत्नीच्या निधनाची तारीख. मग तो रकाना आला. त्याने चावीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

मग लिहिलं, 'हो.' पुढे गुन्ह्याची तारीख घातली आणि अर्ज परत दिला.

मॅडमनी वाचला आणि त्यांचा आवाज चढला. "पुन्हा तेच! आणि डोळे कुठे आहेत तुमचे? बायको गेली ती तारीख इथे खालीही लिहून ठेवलीत. एक अर्ज धड भरता येत नाही, आणि मुलांची बस चालवणार?"

"चुकून नाही लिहिली," ड्रायव्हर म्हणाला.

मेकॅनिकचे हात फडक्यातच थांबले.

ड्रायव्हरने पेनाला टोपण लावलं, पेन टेबलावर ठेवलं आणि तो उठला. मॅडमनी दोन्ही तारखा पुन्हा वाचल्या. मग बाजूला पडलेला अहवाल उचलला आणि पालथा ठेवला.