गाडीतच थांब

राष्ट्रपतिपदासाठी आमच्या पक्षाने डेक्लनला उभं केलं, तेव्हा ल्यूकन या आमच्या उपनगरात दारोदार प्रचार करायला पहिलं नाव मी दिलं. ‘हा देश इथे राहणाऱ्या प्रत्येकाचा’ हे त्याचं वाक्य मी पावसात भिजत किती दारांत म्हटलं असेल!

आज तो स्वतः बरोबर होता. एका वसाहतीच्या तोंडाशी त्याने गाडी थांबवली.

“उल्का, इथे तू गाडीतच थांब. बाहेरून आलेल्यांवर इथले लोक सध्या फार चिडलेत. तू माझ्याबरोबर दिसलीस तर मतं जातील. वाईट वाटून घेऊ नकोस, हां?”

“ग्रँड,” मी म्हणाले. ‘ठीक आहे’ म्हणायला इथे राहून हेच आपसूक तोंडात येतं.

काचेतून बघत बसले. तो हसत, हात मिळवत एकेक घर घेत होता. आंब्याच्या पानांचं प्लॅस्टिकचं तोरण लावलेल्या दारापाशी जरा थबकला आणि बेल न वाजवताच पुढच्या घराकडे वळला.

परत आला तो खुशीत. “झाली ही गल्ली! चल, पुढची घेऊ.”

मी कोटावरचा त्याच्या नावाचा बिल्ला काढून त्याच्यासमोर ठेवला. “मी इथेच उतरते.”

“इथे? या लोकांत? कुठे जाणार तू?”

“तू बेल वाजवली नाहीस ना, त्या घरी,” म्हणत मी पर्समधून किल्ली काढली.