वजनकाट्यापलीकडची लाइन

"गोल नाही पाहिजे, भाऊ," प्रेमिला म्हणाली. "माह्या गाडीले फिरून तिथंच नाही यायचं."

मुकुंदने हातातले वाकडे रूळ परत खोक्यात टाकले. सीताबर्डीवरच्या त्याच्या खेळण्यांच्या दुकानात आगगाडी घ्यायला येणारा प्रत्येकजण आठ वाकडे रूळ मागे. आठ जोडले की गोल पुरा, पोरगं खूश. फारच हौशी बाप असला तर चार सरळ रूळ जास्तीचे नेई. ही बाई मात्र वाडीहून सलग तिसऱ्या शनिवारी आली होती. तिनं आतापर्यंत नुसते सरळ रूळ नेले होते, आणि उजव्या हाताचे दोन सांधे, म्हणजे एका लाइनीतून दुसरी फोडणारे रूळ.

"शाळेत दाखवायचं आहे काय?" त्याने विचारले. ती मास्तरीण आहे एवढे त्याला ठाऊक होते.

"दाखवायचं आहे," ती म्हणाली, आणि तिनं गल्ल्यावर चौकटीचा कागद पसरला.

पेन्सिलीने काढलेल्या दोन लांब लाइनी. एक फाटा उजवीकडे, कोळसा भरायच्या धक्क्याशी. पुढे वजनकाटा. आणि काट्याच्या पलीकडे एक आखूड रेघ, कशालाच न जोडलेली.

"ही तर हवेतच आहे," मुकुंद हसला. "गाडी उडून जाईन काय इथं?"

"लाइन होती, एवढं पक्कं. वाट कुठून होती, ते कागदात नाही."

"कुठली जागा म्हणता?"

"खैरडोह. सावनेरकडं. कोळशाच्या खाणीची सायडिंग होती, आठ वर्षं झाली बंद पडून."

मुकुंदला एकदम हुरूप आला. "अवो, मग आमचे रुपरावजी काकाजी! अठरा वर्षं तिथं यार्डाचे जमादार होते. आता रोज पाच वाजता येऊन बसतात इथं. बिघडलेली इंजिनं तेच दुरुस्त करतात माह्याकडं."

"असं?" प्रेमिला म्हणाली. "मग थांबते मी."

पाचला रुपराव आले. पांढरे धोतर, काळी टोपी, खिशात चष्म्याचे घर. खैरडोहचं नाव ऐकताच त्यांनी उभ्याउभ्याच कागद ओढून घेतला.

"कोणी काढलं हे? बरंच बरोबर आहे की वं!"

"ऐकून ऐकून काढलं, काकाजी. चुकलं असन तिथं सांगा."

मग म्हातारा रंगात आला. त्याने खोके उपडे केले आणि गल्ल्यावर रूळ मांडायला घेतले. दोन्ही लाइनींमध्ये चार बोटांचं अंतर पाहिजे, नाहीतर डब्याला डबा घासतो. सांध्यातून निघालेली लाइन तिरपी पळते, म्हणून तिथं एक वाकडा रूळ उलटा लावायचा, की ती पुन्हा सरळ होते. मुकुंद बारा वर्षं रूळ विकत होता, पण हे त्याला आजच कळले. त्याने दोन गिऱ्हाइकं तशीच ताटकळत ठेवली.

"बंद काहून पडली गा काकाजी, एवढी मोठी सायडिंग?" त्याने विचारले.

"अपघात झाला. एकाहत्तरची गोष्ट. रिकामे डबे भलत्याच लाइनीवर गेले. तिथं एक बाई कोळसा वेचून राहिली होती, दबली बिचारी. सांधेवाल्यानं सांधा चुकवला. पिऊन होता म्हणत. नोकरी गेली त्याची."

प्रेमिला पेन्सिलीला टोक काढत होती. टोक मोडले. तिनं पुन्हा पातं फिरवलं.

"आता एवढीच रेघ राहिली," ती म्हणाली. "काट्यापलीकडची."

रुपरावांनी चष्मा पुसला. कागदाकडे पाहिले, मांडलेल्या रुळांकडे पाहिले. ओठांतल्या ओठांत काही मोजले. मग खोक्यात हात घालून त्यांनी एक तुकडा काढला.

"मुकुंदा, तू तिले उजव्या हाताचे सांधे देऊन राहिला. इथं डाव्या हाताचा पाहिजे! काट्यापासून बारा पावलांवर." तुकडा खटकन बसला आणि हवेतली रेघ मोठ्या लाइनीला जोडली गेली. "हे पाह्य! कुठून वाट, ते सापडलं ना?"

"वा!" मुकुंदने टाळी दिली.

"पण नक्की का, काकाजी?" प्रेमिलाने विचारले. "दुसरं कोणीच असं सांगत नाही."

"दुसऱ्याले काय ठाऊक! ह्या हातानं फिरवला आहे मी तो. मोठा कडक होता. दांडा अर्ध्यातच अडे. वरून असा पाय द्या लागे, तवा बसे." त्यांनी चप्पल काढून फरशीवर पाय दाबून दाखवला. मुकुंद पोट धरून हसला.

प्रेमिलाने ते शब्द कागदाच्या कडेला लिहून घेतले. बारा पावलं. डावा हात. दांडा अर्ध्यात अडे. खाली तारीख टाकली.

"मुकुंदभाऊ, तुम्ही ऐकलं ना काकाजी काय म्हणाले ते?"

"म्हणजे काय! इथंच तर उभा आहो."

"मग इथं सही करा. ऐकलं म्हणून."

मुकुंदने हसत हसत सही केली. रुपरावांनी चप्पल पायात सरकवली. "सही कायले पाहिजे वं? कोणाची पोरगी तू?"

"धोंडबा सांधेवाल्याची." तिनं पिशवीतून एक टंकलेला, पिवळा पडलेला कागद काढला आणि रुळांच्या शेजारी सपाट केला. "हा डाव्या हाताचा सांधा बुधवारी बसवला होता, काकाजी. शुक्रवारी त्याच्यावरच अपघात झाला. शनिवारी उखडून फेकला, म्हणून कोणत्याच नकाशात तो नाही. अन् हे चौकशीतलं तुमचं बयान, खाली तुमची सही: त्या सोमवारपासून रविवारपर्यंत मी रजेवर नागपुरात होतो, खैरडोहले पाय ठेवला नाही."