हातभर समुद्र

या मंडळी, सरका जवळ. दार लोटून घ्या आणि भटकणारे मनही थोडे इकडे आणा. एका हातभर समुद्राची गोष्ट सांगतो. ऐकून झाल्यावर खरी की खोटी हे मात्र मला विचारू नका. ते वरचा जाणतो.

रविवारची सकाळ. डोक्यावर पंखा गरगरत होता तरी घाम निथळत होता. धाकटा भाऊ बाह्या सरसावून थोरल्याच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीपुढे बसला होता. थोरला जाऊन वर्ष व्हायला आले होते. टाकी तेवढी मागे राहिली. आत एक खडक, एक नारिंगी मासा, आणि खडकावर प्रवाळ. नखाएवढा तुकडा आणून थोरल्याने तो तळहाताएवढा वाढवला होता. त्याच्या हातचे जिवंत असे आता एवढेच, आणि शेवाळ प्रवाळाच्या गळ्याशी आले होते.

हिरवेगार, लांब, केसांसारखे शेवाळ. धाकट्याने करायचे ते सगळे केले होते. दिवा कमी वेळ लावला, माशाचा घास निम्म्यावर आणला, गोगलगायी आणून सोडल्या, पाणी पुन्हा पुन्हा बदलले. दर रविवारी पंप बंद करून टूथब्रशने खडक घासायचा. पुढच्या रविवारी केस हजर. जणू न्हाव्याची वाट पाहत बसलेत.

"भावजी, जपून," स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी म्हणाली. "ओढू नका हो, दुखेल."

"कोणाला? शेवाळाला?"

वहिनीची नजर बादलीत पडलेल्या हिरव्या केसांवर होती.

खडक घासून झाला. धाकट्याने नळीत टाकीचे पाणी घेतले, तपासणीच्या औषधाचे थेंब सोडले. नळी नितळ राहायला हवी होती. ती निळी झाली, मग शाईसारखी निळी.

"वहिनी, ह्यात फॉस्फेट आहे, भरमसाट. शेवाळाचं खतच म्हणा. एवढ्याशा माशाच्या खाण्यानं असं होत नाही. बाहेरून काहीतरी पडतंय."

"मी तुम्ही सांगितलेलं मीठच घालते."

"मिठात नसतं ते. हाडांत असतं."

शब्द तोंडातून गेला तसा तो टाकीवर वाकला. खडकामागे हात घालून त्याने मूठभर वाळू वर काढली. पिवळसर वाळूत पांढुरके, खरबरीत कण होते. त्याने मान वळवून कपाटाकडे पाहिले. थोरल्याच्या फोटोशेजारी अस्थींची बरणी होती. तिचे पुढे काय, हे विचारण्याचा धीर वर्षभरात कोणाला झाला नव्हता.

"वहिनी... दादा?"

वहिनी खुर्ची ओढून टाकीपाशी येऊन बसली.

"ह्यांनी सांगितलं होतं ना, मला समुद्रात सोडा म्हणून. आता तेवढ्या मोठ्या पाण्यात ह्यांना एकटं कसं सोडू? पोहता कुठे येत होतं! तुम्हीच हसायचात की." तिने काचेवरचा एक थेंब बोटाने टिपला. "हाही समुद्रच. ह्यांनी स्वतः मीठ कालवून केलेला. रोज सकाळी चिमूट चिमूट सोडलं."

धाकट्याला हसू आले, आणि हसता हसता डोळे भरले.

"अहो, पण त्याचंच प्रवाळ मरतंय! दादाच त्याचा गळा दाबतोय. आता बास करा, वहिनी. बरणी द्या इकडे. उरलेलं मी नेतो समुद्रावर. मी स्वतः पाण्यात उतरेन त्याच्याबरोबर, कमरेपर्यंत. मग तर झालं?"

वहिनीने बरणी आणून दिली. ती हाताला फार हलकी लागली. त्याने झाकण उघडले. आतून ती धुऊन पुसून ठेवल्यासारखी लख्ख होती.

"कधी संपलं हे?"

"केव्हाच. थंडी होती तेव्हा."

तेव्हापासून टाकीतले पाणी कितीदा तरी बदलले होते. थोरल्याने कालवलेल्या पाण्याचा आता थेंबही उरला नसेल.

"वाळूत मुरलं असेल," तो म्हणाला. "वाळूच बदलून टाकू. सगळी." स्वतःचा आवाज त्याला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटला.

काढलेले शेवाळ बादलीत पडले होते. ते मोरीत ओतायला त्याने बादली उचलली, दोन पावले गेला, आणि खाली टेकवली. हेलकावे थांबले. पाणी शांत झाले. केस मात्र शांत झाले नाहीत. ते सावकाश मोकळे होत गेले आणि सगळेच्या सगळे एका अंगाला वळले.

धाकट्याने बादली अलगद अर्धी फिरवली. केस तिच्याबरोबर फिरले. मग एकेक करत पुन्हा माघारी आले, वहिनीच्या खुर्चीकडे.

पंखा त्याने बंद केला. काही फरक पडला नाही.

वहिनी उठून बादलीपाशी बसली. भांग पाडावा तशी तिने पाण्यातून बोटे फिरवली.

"असंच करायचे," ती म्हणाली. "केस कापून या म्हटलं की माझ्याकडे बघत बसायचे." मग हात न पुसताच म्हणाली, "भावजी, तुम्ही प्रवाळ सांभाळा. बादली राहू द्या."

टाकी आता लख्ख असते म्हणतात. प्रवाळाने चांगले अंग धरले आहे. बादली खिडकीपाशी, उजेडात आहे.

तेव्हा मायबाप हो, तुमच्या घरी कुठे काचेवर हिरवे धरले, तर खुशाल घासून काढा, त्यात पाप नाही. फक्त पाण्यात हात घालण्याआधी त्या थोरल्याची एकदा आठवण काढा. त्याला पोहता येत नव्हते.